सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मुलांसह: सहल ओहोटीभोवती आखावी, सिंह मागाहून

मुंबई-पुण्याकडचे कुटुंब सौराष्ट्राला निघते, तेव्हा पहिली चौकशी गीरच्या सफारीचे परवाने कोणत्या तारखेचे मिळतात याची होते. ते हाती आले की उरलेले दिवस द्वारका, सोमनाथ आणि दीव यांनी भरले जातात आणि परत आल्यावर मुले सांगतात की आम्ही सिंह पाहिला, तो झोपला होता. या आखणीत चूक काही नाही. फक्त तिचे टोक उलट्या बाजूने धरलेले आहे. सिंह गीरमधल्या सासणला आज आहे, उद्या आहे आणि परवाही असणार आहे. कच्छच्या आखातातला प्रवाळाचा खडक मात्र पंधरवड्यातल्या मोजक्याच दिवशी, तोही मोजकेच तास, मुलांना चालण्याजोगा उघडा पडतो. म्हणून आधी ओहोटी ठरवावी, तिच्या मागेपुढे पक्षी आणि काळवीट बसवावेत आणि सिंहाला जिथे जागा उरेल तिथे त्याला ठेवावे. आम्ही दोन खेपा पहिल्या पद्धतीने केल्या आणि तिसरी या पद्धतीने. पुढचे सगळे लिखाण तिसऱ्या खेपेच्या हिशेबावर उभे आहे.

सौराष्ट्र हे द्वीपकल्प आहे हे भूगोलाच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेले असते, पण निघण्यापूर्वी नकाशा उघडून मुलांना ते बोटाने फिरून दाखवावे. उत्तरेला कच्छचे आखात, पश्चिमेला आणि दक्षिणेला अरबी समुद्र, पूर्वेला खंभातचे आखात. एका आठवड्यात गाडीने पार करता येईल एवढ्या या तुकड्यात समुद्राच्या तळाचे प्रवाळ, मिठागरांतले रोहित पक्षी, पानगळीच्या जंगलातला सिंह आणि गवताळ माळावरचा काळवीट असे चार वेगवेगळे संसार आहेत. त्यांतल्या तीन ठिकाणी मुलांना गाडीतून उतरता येते किंवा निदान तासन्‌तास मोकळेपणाने पाहता येते. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी ही बाब सिंहाइतकीच मोलाची आहे.

दिवस कोणते निवडावेत

गीरचे जंगल आणि काळविटांचे वेळावदरचे उद्यान दरवर्षी १६ जूनपासून १५ ऑक्टोबरपर्यंत बंद असते. पाहुणे पक्षी ऑक्टोबरपासून यायला लागतात आणि मार्चपर्यंत पांगतात. त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारीचा मधला काळ सर्वांत चांगला ठरतो, कारण तेव्हा पक्षी भरपूर असतात आणि उघड्या खडकावर दुपारच्या आधी मूल भाजून निघत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत सिंह पाणवठ्यावर हमखास दिसतो असे सांगणारे पुष्कळ भेटतील आणि ते खोटेही नाही, पण त्या दिवसांत लहान मुलांना घेऊन नरारा, म्हणजे प्रवाळाचा तो खडक, किंवा वेळावदर करणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

महिना ठरला की भिंतीवरचे कॅलेंडर घ्यावे आणि तारखांऐवजी तिथी पाहाव्यात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते आणि जितके पाणी वर चढते तितकेच ते खाली उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसे चढतही नाही आणि उतरतही नाही. प्रवाळाचा खडक उधाणाच्या ओहोटीतच खऱ्या अर्थाने उघडा पडतो. उधाणाचा जोर तिथीच्या दिवशी संपत नाही, तो पुढचे एक-दोन दिवस टिकतो. दुसरीकडे ओहोटीची वेळ दररोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकत असते. या दोन गोष्टी एकत्र केल्या की अमावास्येनंतरचे किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस हाती लागतात, जेव्हा पाणी चांगले उतरलेले असते आणि ते उतरण्याची वेळ मुलांना भल्या पहाटे उठवावे लागेल इतकी लवकरची नसते.

कोकणात वाढलेल्या माणसाला तिथीची पाऊणपट शिकवावी लागत नाही. ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती आणि सहा तासांनी, नऊच्या सुमारास, ओहोटी. हा ठोकताळा आपल्या किनाऱ्याचा आहे आणि तो कच्छच्या आखातात जसाच्या तसा नेऊ नये. आखाताच्या तोंडाशी असलेल्या ओख्यापासून जसजसे आत जावे तसतशी भरतीची वेळ मागे पडत जाते, आणि पाण्याची चढउतार वाढत जाऊन कांडल्याला ती ओख्याच्या जवळपास दुप्पट होते. म्हणून पाऊणपटीने फक्त आठवडा ठरवावा आणि नेमकी वेळ छापील कोष्टकातून घ्यावी. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके काढतो आणि तीच माहिती मोबाईलवरही सहज मिळते. नराऱ्यासाठी जवळचे बंदर सिक्का आहे. कोष्टकात वेळेबरोबर मीटरमध्ये उंचीचा आकडा असतो. तो आकडा जितका लहान, तितका खडक जास्त उघडा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, त्यामुळे वेळ सोयीची दिसली म्हणून लगेच हुरळून न जाता हा आकडाही पाहावा.

दिवाळीच्या सुट्टीचा एक योग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, त्यामुळे पाडवा आणि भाऊबीज हे बरोबर उधाणानंतरचे दिवस येतात आणि ओहोटीच्या दृष्टीने याहून चांगले दिवस शोधून सापडणार नाहीत. अडचण एवढीच की त्याच दिवसांत सगळा गुजरात घराबाहेर पडलेला असतो. सासणला खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर भाव विचारू नये असे असतात. दिवाळीलाच जायचे असेल तर जामनगर आणि नरारा करून वेळावदरकडे वळावे आणि गीर त्या खेपेला सोडून द्यावे, हा माझा सल्ला घरात कोणाला पटणार नाही याची मला कल्पना आहे.

नरारा: समुद्राच्या तळावरून चालणे

जामनगरला पोहोचण्यासाठी मुंबई सेंट्रलहून ओख्याला जाणारी सौराष्ट्र मेल सोयीची आहे. रात्र गाडीत जाते, मुले वरच्या बर्थवर खूश असतात आणि दुसऱ्या दिवशी जामनगरला उतरता येते. तो दिवस विश्रांतीचा ठेवावा. नरारा तिथून सुमारे ६० किलोमीटरवर, वाडीनारजवळ आहे. कच्छच्या आखातातले हे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये जाहीर झाले आणि ते भारतातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. पिरोटन बेटाकडेही प्रवाळ आहे, पण तिथे जाण्यासाठी बोट, भरतीचे गणित आणि परवानगी हे तिन्ही जुळून यावे लागते. लहान मुले बरोबर असताना त्या फंदात न पडता नराऱ्याला जावे, कारण इथे प्रवाळापर्यंत पायी जाता येते. प्रवेशद्वारावर वनखात्याकडे नोंद होते, सर्वांची मूळ ओळखपत्रे लागतात आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. तो नियमासाठी म्हणून घेऊ नये. त्याच्या डोळ्यांशिवाय तुम्हाला दगड आणि पाणी एवढेच दिसेल.

वेळेचा नियम असा ठेवावा: पाणी सर्वांत खाली जाण्याच्या दीड-दोन तास आधी चालायला लागावे, म्हणजे आपण ओसरत्या पाण्यामागून खडकावर जातो, आणि कोष्टकातली ओहोटीची वेळ होईल तेव्हा तोंड किनाऱ्याकडे वळलेले असावे. मोठी माणसे यापेक्षा जास्त रेंगाळू शकतात, मुलांना घेऊन रेंगाळू नये. भरतीचे पाणी समोरून लाटेसारखे येईल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते आधी मधल्या सखल घळीतून शिरते आणि आपण खडकाच्या उंचवट्यावर खेकडे पाहत असताना आपल्या आणि किनाऱ्याच्या मधली वाट भरून टाकते. वाटाड्या चला म्हणाला की पाच मिनिटे अजून, हे वाक्य बोलायचे नाही, हे मुलांना आणि विशेषतः कॅमेरा असलेल्या वडिलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवावे.

पायांत नाडी बांधता येणारे जुने बूट हवेत. चपला आणि मागे पट्टा नसलेल्या सँडल चालत नाहीत. पहिल्या खेपेला मी स्वतः सँडल घालून गेलो आणि तिवरांपुढच्या चिखलाने त्यातली एक ठेवून घेतली. उरलेली वाट मी एका पायात मोजा आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी अशा थाटात केली. पाणी काही ठिकाणी घोट्यापर्यंत, काही ठिकाणी मोठ्यांच्या गुडघ्यापर्यंत असते, त्यामुळे सहा वर्षांखालच्या मुलांना इथे चालवण्याचा हट्ट धरू नये. मोठ्यांनी हातात काठी घ्यावी आणि वाळूच्या पाण्यातून पाय उचलून न टाकता घसटत न्यावा, म्हणजे तळाशी शेपटीत काटा असलेली पाकट बसलेली असलीच तर ती आधीच निघून जाते. सावली कुठेही नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी घालावी; अंगाला क्रीम फासण्यापेक्षा ते बरे, कारण ते क्रीम शेवटी प्रवाळाच्या पाण्यातच उतरते. पिण्याचे पाणी प्रत्येकाने आपापले घ्यावे, आणि स्वच्छतागृहाचा विषय प्रवेशद्वाराशीच संपवून यावा.

एक साधी वस्तू मात्र घरून न्यावी: तळ सपाट आणि पारदर्शक असलेला, फराळाचा असतो तसा, मोठा प्लास्टिकचा डबा. पाण्याच्या पृष्ठभागावर ऊन आणि वारा यांची झिलई असते आणि तिच्या खालचे काही दिसत नाही. हा डबा पाण्यावर नुसता टेकवून वरून आत पाहिले की झिलई नाहीशी होते आणि खालचे समुद्रफूल हाताच्या अंतरावर आल्यासारखे दिसते. मुले या डब्यासाठी भांडतात, म्हणून दोन न्यावेत.

दिसते काय, याची यादी वाटाड्या तोंडपाठ म्हणून दाखवतो: समुद्रकाकडी, ठिसूळ तारा, नाना प्रकारचे खेकडे, केंडमासा, मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळ, जिवंत शंख. या सगळ्यांपेक्षा एक अष्टपाद नीट पाहणे मी जास्त मोलाचे मानतो. तो शोधायचा कसा, हे आम्हाला तिथल्या वाटाड्याने दाखवले. खडकातल्या एखाद्या बिळाच्या तोंडाशी खेकड्यांच्या रिकाम्या कवचांचा आणि शिंपल्यांचा ढीग दिसला, तर ते घर अष्टपादाचे असण्याची शक्यता असते. तो आत बसून जेवतो आणि टरफले दाराबाहेर टाकतो. अशा एका ढिगापासून दोन हात अंतरावर आम्ही चौघे उकिडवे बसून राहिलो. आधी बिळात फक्त दगडाचा करडा रंग दिसत होता. मग त्या करड्या रंगाला एक डोळा असल्याचे मुलीच्या लक्षात आले. दोन-तीन मिनिटांनी एक बाहू बाहेर आला, त्याने एक शिंपला चाचपला, सोडून दिला, आणि तो बाहू जसा हिरवट शेवाळावरून तपकिरी वाळूवर सरकला तसा त्याचा रंग टोकापासून मुळाकडे बदलत गेला. वाटाड्याने त्याला बाहेर काढून दाखवू का असे विचारले. आम्ही नको म्हटले.

हे नको म्हणणे या सहलीतले महत्त्वाचे काम आहे आणि ते मुलांसमोर करावे. पाहुण्यांना काहीतरी दाखवले पाहिजे या भल्या हेतूने वाटाडे केंडमासा हातात धरून फुगवून दाखवतात, खेकडा उलटा करतात, समुद्रकाकडी मुलाच्या तळहातावर ठेवतात. केंड फुगतो तो जिवाच्या भीतीने, आणि दिवसात दहा कुटुंबे आली तर त्याला दहा वेळा मरणभय होते. काही शंखांच्या आत विषारी नांगी असते, म्हणून सुंदर शंखाला तर अजिबात हात लावू नये. प्रवाळावर पाय देऊ नये आणि उचललेला दगड होता तसाच, होता त्या बाजूने परत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूला कोणाचे तरी घर असते. किनाऱ्यावरून एकही शिंपला खिशात येणार नाही याची जबाबदारी आईवडिलांवर आहे.

परतीच्या वाटेवर तिवरांच्या कडेला थांबले की चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे दिसतात. कोकणातल्या मुलांना त्यांचे अप्रूप नसेल, पुण्याच्या मुलांना प्रवाळापेक्षाही जास्त असते.

खिजडिया, द्वारका आणि पोरबंदर

नराऱ्याच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशीची पहाट खिजडियाच्या पक्षी अभयारण्याला द्यावी. जामनगरपासून दहा-बारा किलोमीटरवर समुद्राचे खारे पाणी अडवण्यासाठी मातीचे बांध घातले गेले. बांधाच्या एका बाजूला पावसाचे गोडे पाणी साठले आणि दुसऱ्या बाजूला खाजण, खाडी आणि मिठागरे राहिली. त्यामुळे एकाच बांधावरून चालताना डावीकडे बदके आणि बुडी मारणारे पक्षी, उजवीकडे रोहित आणि समुद्रकाठचे तुतवार असा दुहेरी कारभार दिसतो. २०२२ मध्ये या पाणथळीचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत समावेश झाल्याचे जाहीर करण्यात आले.

मुलांना पक्ष्यांची नावे पाठ करायला लावू नयेत. त्याऐवजी कोण पाण्यात उभा आहे, कोण तरंगतो, कोण बुडी मारतो आणि कोण नुसता चिखल टोचतो अशी चार खाती वहीत पाडून द्यावीत आणि प्रत्येक पक्षी त्यांनी कुठल्या तरी खात्यात जमा करावा. चमचा पक्षी पाण्यात चोच डावी-उजवीकडे का फिरवतो आणि रोहित मान उलटी का करतो, हे प्रश्न मग आपोआप येतात. मुलांच्या हातात आठपट मोठे दाखवणारी हलकी दुर्बीण द्यावी; त्याहून जास्त पटीची दुर्बीण लहान हातात थरथरते. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी पकडून, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची, ही सवय घराच्या गच्चीवर आधीच करून घ्यावी, म्हणजे खिजडियाला अर्धा तास वाचतो. थंडीत कांड्या करकोचे आणि क्रौंच इथे रात्रीच्या मुक्कामाला असतात. दिवसा ते भुईमुगाच्या शेतांत चरायला जातात, म्हणून त्यांना पाहायचे तर उजाडताना किंवा सूर्य मावळताना पोहोचावे लागते.

आजी-आजोबा बरोबर असतील तर द्वारका टाळता येत नाही आणि टाळूही नये. ज्यांचे गुडघे नराऱ्याला चालण्याजोगे नाहीत त्यांच्यासाठी तो दिवस दर्शनाचा करावा. द्वारकेच्या परिसरातल्या चरकल्याच्या मिठागरांत रोहितांचे थवे रस्त्यावरून दिसतात, त्यामुळे नातवंडांनाही काही गमावल्यासारखे वाटत नाही. हा ओखामंडळाचा टापू एकेकाळी बडोद्याच्या गायकवाडांकडे होता, हे ऐकले की आजोबांना प्रवासाला विषय मिळतो. बेट द्वारकेला २०२४ पासून सुदर्शन सेतूवरून गाडीने जाता येते. आखातात कुबडवाले डॉल्फिन आहेत, पण त्यांच्यासाठी वेगळा दिवस मोडावा असे मला वाटत नाही. दिसले तर दिसले.

पोरबंदरला गावाच्या मधोमध एक लहानसे पक्षी अभयारण्य आहे आणि गावाबाहेर मोकरसागरची विस्तीर्ण पाणथळ जागा आहे. एक संध्याकाळ पुरते. तिथून माधवपूरकडे जाताना रस्ता समुद्राला अगदी लागून जातो. वेळासला मुलांनी कासवाची पिल्ले समुद्रात जाताना पाहिली असतील, तर या किनाऱ्यावर त्यांच्याखेरीज हिरवे समुद्रकासवही अंडी घालते, हे त्यांना इथे सांगता येईल. रात्री बॅटरी घेऊन कासवे शोधत फिरू नये.

याच दक्षिण किनाऱ्याची आणखी एक गोष्ट मुलांना गाडीत सांगण्यासारखी आहे. वेरावळ, सूत्रापाडा या बंदरांवर व्हेल शार्क म्हणजे बहिरी मासा पूर्वी यकृताच्या तेलासाठी मारला जाई. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात संरक्षण मिळाले आणि पुढे रामकथाकार मोरारीबापूंनी त्याला माहेरी बाळंतपणाला आलेली लाडकी लेक, व्हाली, असे म्हटले. तेव्हापासून कोळी आपल्या जाळ्यात अडकलेला हा प्रचंड मासा स्वतःचे जाळे कापून सोडून देतात आणि जाळ्याची भरपाई सरकार देते. तो मासा तुम्हाला दिसणार नाही. वेरावळच्या धक्क्यावर ओळीने उभ्या असलेल्या होड्या पाहताना ही गोष्ट आठवली तरी पुरे.

गीर, जमेल तितके

सोमनाथहून सासण साधारण तासाभरावर आहे. सोमनाथला गेलातच, तर अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधलेले मंदिर नव्या मंदिराच्या जवळच आहे. बहुतेक मराठी माणसे गर्दीत ते न पाहताच परततात.

सफारीचे परवाने गीरच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावेत. सफारी दिवसातून तीन वेळा असते आणि मुलांसाठी पहाटेची एक व दुपारची एक यापेक्षा जास्त घेऊ नयेत. तिसऱ्या सफारीला मुले जीपमध्ये झोपतात असा अनुभव आहे. परवान्यावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांची मूळ ओळखपत्रे लागतात, मुलांचीही; छायाप्रतीवरून दारात वाद घालणारी कुटुंबे रोज सकाळी दिसतात. डिसेंबरच्या पहाटे उघड्या जिप्सीत वारा बोचरा असतो, म्हणून कानटोपी आणि एक चादर घ्यावी, आणि लाल-पिवळे भडक कपडे घालू नयेत. गाडीची वाट आधीच ठरवून दिलेली असते, ती बदलून मागण्यात अर्थ नाही.

मे २०२५ च्या गणनेत सिंहांची संख्या ८९१ भरली. २०२० मध्ये ती ६७४ होती. हे सगळे सिंह गीरच्या जंगलात नाहीत. अमरेली, भावनगर आणि गीर सोमनाथ जिल्ह्यांच्या किनारपट्टीतही आता सिंह वावरतात आणि २०२३ मध्ये एक सिंह आपल्या पायांनी पोरबंदरजवळच्या बरडा डोंगरात जाऊन राहिला. म्हणजे द्वीपकल्पाच्या सहलीत सिंह फक्त सासणचा उरलेला नाही. याच कारणाने परिसरात फिरताना रात्री खासगी शेतावर सिंह दाखवतो असे सांगणारा कोणीतरी भेटण्याची शक्यता असते. त्याला स्पष्ट नकार द्यावा. आमिष बांधून सिंह बोलावणे आणि त्याला छेडणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, पाहणाराही त्यात सापडतो, आणि बांधलेली म्हैस किंवा शेळी मुलांच्या नजरेसमोर मरते.

मुलांना सिंह दिसेल असे वचन देऊ नये. सिंह दिवसाचा मोठा भाग झोपून काढतो आणि दिसला तरी बहुधा तसाच दिसतो. तो झोपलेला असताना काय पाहायचे हे मात्र आधी सांगून ठेवावे: आफ्रिकेतल्या सिंहापेक्षा आयाळ आखूड असल्यामुळे याचे कान उघडे दिसतात आणि पोटाखाली कातड्याची एक लांब घडी लोंबते. ही घडी पहिल्यांदा कोण ओळखतो अशी पैज लावली की झोपलेला सिंहही पुरतो. सिंह नाहीच आला, तर कान वापरावेत. वानर झाडावरून एकसारखा खकारू लागला आणि चितळाने शीळ घातल्यासारखा इशारा दिला की वाटाड्या गाडी थांबवतो, आणि पुढची दहा मिनिटे कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नाही. मालधाऱ्यांचे, म्हणजे गुरे पाळणाऱ्यांचे, नेस (वस्त्या) वाटेत लागतात. मोठ्या वळलेल्या शिंगांच्या म्हशी सिंहाच्या रानात चरताना पाहून मुलांना पडणारे प्रश्न जिप्सीतच वाटाड्याला विचारू द्यावेत, तो आपल्यापेक्षा चांगली उत्तरे देतो.

परवाने मिळालेच नाहीत तर देवळियाचे कुंपण घातलेले सफारी उद्यान आहे. तिथे सिंह जवळजवळ नक्की दिसतो. पाच वर्षांखालच्या मुलांना मी थेट तिथेच नेईन. कुंपण आहे हे मात्र त्यांच्यापासून लपवू नये.

जेवणाची चिंता करू नये. बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, कढी आणि खिचडी सगळीकडे मिळते. ओळो म्हणजे आपले भरीतच. लसणाची लाल चटणी मुलांच्या ताटाला लागू देऊ नये आणि तिखट नको असे ऑर्डर देतानाच दोनदा सांगावे.

वेळावदर: शेवटची संध्याकाळ

सासणहून भावनगरकडचा रस्ता लांबचा आहे आणि त्यात अख्खा दिवस गेला असे धरून चालावे. मुलांना गाडी लागत असेल तर गिरनारच्या बाजूचा वळणांचा मोह टाळून सरळ मार्ग धरावा. भावनगरहून वेळावदर तास-सव्वातासावर आहे. १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले हे गवताळ माळरान उणेपुरे ३४ चौरस किलोमीटरचे, एका बाजूला शेते आणि दुसऱ्या बाजूला खंभातच्या आखाताची खारी जमीन. पूर्वी ही भावनगर संस्थानची गवताची राखीव जागा होती आणि इथे पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवली जाई.

काळवीट पाहण्यासाठी शोध घ्यावा लागत नाही, ते प्रवेशद्वारापाशीच दिसतात. नर जितका प्रौढ तितका काळा. हा फरक लक्षात आला की मुले कळपातल्या प्रत्येकाचे वय ठरवू लागतात. एखादी मादी अचानक चारही पाय जुळवून उभी उसळी मारते आणि मग सगळा कळप एकामागून एक उसळत रस्ता ओलांडतो. अशा वेळी गाडी थांबवून इंजिन बंद ठेवावे. पण इथे यायचे खरे कारण संध्याकाळ आहे. मध्य आशियातून आलेले भोवत्या हे शिकारी पक्षी दिवसभर आसपासच्या शेतांवर टोळ आणि नाकतोडे मारत फिरतात आणि सूर्य कलला की झोपण्यासाठी या गवतात उतरतात, झाडावर नव्हे, थेट जमिनीवर. वेळावदरची ही रात्रीची वस्ती जगातल्या मोठ्या भोवत्या-वस्त्यांपैकी एक समजली जाते.

गाडीची वेळ अशी घ्यावी की शेवटचा तास गवताच्या कडेला थांबून काढता येईल. फिरत राहणाऱ्या गाडीतून हे दिसत नाही. आधी एक पक्षी येतो, गवताच्या शेंड्यांना पोट लागेल इतक्या खालून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचललेले. तो एक फेरी मारतो आणि उतरत नाही. मग दुसरा, मग सहा-सात. वीस मिनिटांनी मोजणाऱ्याने मोजणे सोडून दिलेले असते. फिकट करडे नर अंधारातही उठून दिसतात, तपकिरी माद्या गवतात मिसळून जातात, आणि एखादा उतरल्या जागी आधीच बसलेला दुसरा असला तर दोघेही क्षणभर पाय पुढे काढून वर उडतात आणि पुन्हा थोड्या अंतरावर बसतात. या वेळी मोबाईलचा प्रकाश लावू नये आणि मुलांना खिडकीतून बोट दाखवू द्यावे, आवाज करू देऊ नये.

उद्यान सूर्यास्तानंतर बंद होते, त्यामुळे वाटाडा आठवण करेल तेव्हा निघावेच लागते. परतीसाठी भावनगरहून वांद्र्याला जाणारी गाडी आहे. गाडीचे आरक्षण मिळाले नाही तर घोघ्याहून सुरतजवळच्या हजिऱ्याला जाणारी, गाड्या आणि माणसे दोन्ही नेणारी रो-पॅक्स फेरी बोट २०२० पासून आहे. तिच्या फेऱ्यांचे वेळापत्रक निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासावे. आम्ही फेरीने आलो. डेकवरून खंभातच्या आखाताचे गढूळ पाणी पाहून मुलीने पहिला प्रश्न विचारला तो आता भरती चालू आहे की ओहोटी, आणि मला कॅलेंडर काढून तिथी पाहावी लागली. नराऱ्याचे बूट तेव्हाही पिशवीत ओलेच होते. ते जामनगरलाच गोड्या पाण्याने धुऊन वाळवायला हवे होते.